हात म्हणजे बटण नव्हे

मंडळी, या शनिवार-रविवारी नवीन काहीच केलं नाही. जुनाच कोड मोडला आणि परत लिहिला. त्यातून एक मत पक्कं झालं, ते इथे टाकतोय.

लीप मोशन आठवतंय का? २०१३ साली बाजारात आलेली, काडेपेटीहून जरा लांब अशी डबी. आत दोन इन्फ्रारेड कॅमेरे आणि तीन एलईडी. टेबलावर ठेवायची, वर हात धरायचा, की बोटांची टोकं कुठे आहेत ते मिलिमीटरमध्ये कोडला कळतं. (२०१९ मध्ये अल्ट्राहॅप्टिक्सने ही कंपनी घेतली आणि दोघींची मिळून अल्ट्रालीप झाली.) माझ्याकडे ती जुनीच डबी आहे, जुन्याच एसडीकेवर चालणारी.

तर झालं असं, की बाबांना संधिवातामुळे माऊस धरवत नाही. म्हटलं, घरातले जुने फोटो बघायला एक प्रोग्रॅम करून देऊ. चिमूट केली की पुढचा फोटो. एसडीके चिमटीचा आकडा देतंच, ० म्हणजे बोटं सुटी, १ म्हणजे पूर्ण चिमूट. मी लिहिलं : आकडा ०.८ च्या वर गेला की फोटो बदला. माझ्या हाताने झकास चाललं!

बाबांच्या हाताने काहीच होईना. त्यांची बोटं पूर्ण मिटत नाहीत, आकडा ०.७ च्या पुढे जातच नव्हता. मी मर्यादा ०.६ वर आणली, तर एका चिमटीत चार-चार फोटो उडायला लागले. हात किंचित थरथरतो, त्यामुळे आकडा ०.५८, ०.६२, ०.५९, ०.६३ असा नाचतो, आणि दर वेळी रेषा ओलांडली की माझ्या लेखी ती नवी चिमूट! बाबा म्हणाले, "अरे, माझाच हात चुकतोय बहुतेक." आणि डबी बाजूला सारली.

हे वाक्य मला लागलं. हात चुकत नव्हता, कोड चुकत होता.

आपल्याला इव्हेंटची सवय बटणामुळे लागली आहे. बटण दाबलं किंवा नाही दाबलं, मधलं काही नाही. हाताचं तसं नसतं. सेन्सर सेकंदाला शंभरच्या आसपास फ्रेम पाठवतो आणि प्रत्येक फ्रेम हा एक अंदाज असतो. त्यातून "चिमूट झाली" हा निकाल देतो तो आपला कोड. जुन्या एसडीकेमध्ये वर्तुळ, स्वाइप, टॅप असे तयार इशारे मिळायचे. तिथेही निकालच असायचा, फक्त तो दुसऱ्या कुणीतरी आधीच देऊन ठेवलेला.

म्हणून नव्या कोडमध्ये चार गोष्टी केल्या. पहिली, दोन मर्यादा. चिमूट सुरू व्हायची रेषा वर, सुटायची रेषा खाली. मधल्या पट्ट्यात कितीही थरथरू दे, स्थिती बदलत नाही. दुसरी, या रेषा मी ठरवत नाही. सुरुवातीला हात दहा सेकंद उघडझाप करायचा, त्यावरून त्या हाताच्या रेषा ठरतात. बाबांच्या आल्या ०.५५ आणि ०.३५. तिसरी, हात मध्येच दिसेनासा झाला तर ती चिमूट रद्द धरायची, पूर्ण झाली असं नाही. हात परत आला की त्याला नवा आयडी मिळू शकतो, तेव्हा जुनी स्थिती त्याच्या गळ्यात मारायची नाही. चौथी, फ्रेमच्या कॉलबॅकमध्ये फक्त नोंद करायची. मी शहाणा तिथेच फोटो लोड करत होतो. तो होईपर्यंत मधल्या फ्रेम निसटायच्या, आणि बोटं सुटल्याचा क्षण नेमका त्यात जायचा!

यात नवीन काही नाही. दोन मर्यादांची युक्ती घरातल्या फ्रिजचा थर्मोस्टॅटही वापरतो. पण हातासाठी कोड लिहिताना आपण ती विसरतो, कारण चाचणीला आपलाच हात असतो. तरणा, धडधाकट, आणि कोडमध्ये काय लिहिलंय ते माहीत असलेला. ०.८ हा आकडा मी कुठून आणला? माझ्याच हातातून. आणि मग ज्याचा हात त्यात बसला नाही, त्याला वाटलं आपलाच दोष.

माझं म्हणणं एवढंच. सेन्सरचा आकडा हा पुरावा आहे, निकाल नाही. मर्यादा लिहिणारा तो निकाल देतो, तेव्हा जबाबदारीही त्याचीच. कोडमध्ये असा सुटा आकडा दिसला की विचारा, हा कुणाच्या हाताचा?

असो. काल रात्री बाबांनी सलग पाऊण तास फोटो पाहिले. दोनदा फोटो उगाच बदलला. तेव्हा म्हणाले, "अरे, तुझ्या प्रोग्रॅममध्ये अजून काहीतरी गडबड आहे." ऐकून फार बरं वाटलं!