जुनी मोटार : मोह आणि हिशेब

खामगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या एखाद्या जुन्या वाड्यामागे, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी उभी असते. टायर बसलेले, काचांवर धुळीचा थर, मूळ मालक निवर्तलेले आणि मुले पुण्यात स्थायिक. ती विकत घेऊन पूर्ववत करण्याचा मोह ज्यांना पडतो, त्यांना बहुधा नुसती गाडी नको असते. तिच्यातून शेगावला, लोणारला केलेले प्रवास परत हवे असतात. म्हणूनच हा निर्णय भावनेवर सोडणे धोक्याचे ठरते.

या गाडीला इतिहास आहे, हे खरे. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि इतिहासाचे मोल आणि समोर उभ्या असलेल्या गाडीचे मोल यांत फरक करावयास हवा.

पहिली तपासणी कागदांची. नोंदणी पुस्तकावरील मालक हयात नसेल, तर वारसांच्या नावे हस्तांतर आधी व्हावे. एके काळी गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर त्या पुस्तकावर बँकेच्या बोजाची नोंद असते. कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीस वर्षांनी, शाखा वा बँकच विलीन झाल्यावर, ना हरकत पत्र मिळविणे कष्टाचे असते. चासी आणि इंजिनावरील क्रमांक कागदाशी जुळलेच पाहिजेत.

दुसरी तपासणी पत्र्याची. बुलढाण्याची हवा कोकणाइतकी दमट नाही. परंतु पावसाळ्यात चिखलात उभ्या राहिलेल्या गाडीचा तळ गंजतोच. साधे लोहचुंबक लावून पाहावे. ते जेथे चिकटत नाही, तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते. १०८९ सीसीचे ते साधे इंजिन जाणता मेकॅनिक उघडून दुरुस्त करू शकतो. सडलेला तळ मात्र खर्च गिळतो. आजच्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे कार्बोरेटर आणि इंधननळ्यांतील जुने रबरही बदलावे लागू शकते.

तिसरा प्रश्न वापराचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार केल्यास हा दर्जा मिळत नाही. कुटुंबासह लोणारला जावयाचे असेल, तर नेहमीचीच नोंदणी हवी; म्हणजे तपासणी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि हरित कर आले.

या साऱ्यात खरेदीची किंमत बहुधा सर्वांत लहान आकडा असतो. पत्रा, रंग, इंजिन, वायरिंग आणि टायर यांचे अंदाज वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि अनपेक्षित कामासाठी वेगळी रक्कम धरावी. या खर्चाला गुंतवणूक म्हणू नये. तो हौसेचा खर्च आहे, आणि हौस कर्ज काढून किंवा निवृत्तीच्या ठेवी मोडून भागवू नये. घरच्या मंडळींना तो आकडा आधीच सांगितलेला असावा. पैसे संपल्यामुळे अर्ध्यावर उकललेली गाडी अंगणात पडून राहणे, हा परिग्रहाचा सर्वांत केविलवाणा प्रकार होय.

कागद स्वच्छ, तळ शाबूत आणि खर्च शिलकीत बसणारा असेल, तर गाडी आनंदाने घ्यावी. जाणता कारागीर आज जवळ आहे, तो नेहमीच असेल असे नाही. परंतु यांपैकी एकही गोष्ट संशयास्पद असेल, तर ती स्पष्ट होईपर्यंत विसार देऊ नये. 'दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे' असे विक्रेत्याने सांगितले, तरीही.