छाया बर्लिनची, फड नारायणगांवचा

‘पिंजरा’ हा बोलपट कोणीच पाहिला नाहीं असें मराठी घर सांपडणें कठीण. १९७२ सालीं तो आला, तेव्हां आजोबांपासून नातवंडांपर्यंत कुटुंबेंच्या कुटुंबें तो पाहून आलीं. डॉ. श्रीराम लागू यांच्या गुरुजींसाठीं पुष्कळांनीं डोळे पुसले, संध्याबाईंच्या पदन्यासाला मान डोलाविली. मात्र या अगदीं देशी वाटणाऱ्या कथेचें माहेर बर्लिनला आहे, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. युफा या जर्मन कंपनीनें १९३० सालीं काढलेल्या ‘निळा देवदूत’ या बोलपटावरून तिचा सांगाडा घेतलेला आहे. त्याचा दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग, आणि मूळ कादंबरी हाइनरिख मान याची, १९०५ ची. ही परदेशी कथा जुन्नर-आंबेगांवकडील लोकांच्या रोजच्या ओळखीच्या तमाशाच्या फडांत येऊन कशी बसली, येतांना तिनें काय आणलें आणि काय वाटेंत टाकलें, हें आज पाहूं.

जर्मनींत पहिल्या महायुद्धाच्या आधींपासूनच चित्रकारांचा एक नवा पंथ निघाला होता. वस्तु डोळ्यांना दिसते तशी न रंगवितां मनाला भासते तशी रंगवावी, हा त्याचा आग्रह. त्याला अभिव्यक्तिवाद म्हणतात. युद्धांतील पराभवानंतर तो पडद्यावर आला. १९२० सालच्या रॉबर्ट वीने याच्या ‘डॉ. कॅलिगरी’ या मूकपटांत वार्म, राइमान व रोरिग या तिघांनीं घरें कललेलीं, खिडक्या वाकड्या आणि गल्ल्या सुरीच्या टोंकासारख्या काढल्या. इतकेंच नव्हे, तर सावल्यासुद्धां रंगानेंच रंगविल्या! बिघडलेल्या मनाला जग कसें दिसत असेल, तें प्रेक्षकानें स्वतः पाहावें, असा हेतु. दोन वर्षांनीं मुर्नौच्या ‘नोस्फेरातु’मध्यें पिशाच जिना चढतें तें आपणांस दिसतच नाहीं; भिंतीवरून वर सरकत जाते ती त्याची छाया, आणि तिच्यानेंच छातींत धस्स होतें. सावली ही उजेडाची उणीव न राहतां नाटकांतील एक पात्र झाली. १९३३ नंतर या कलावंतांपैकीं अनेक जण अमेरिकेस गेले आणि तेथील गुन्हेगारी कथांच्या काळोख्या चित्रपटांत हेंच पात्र पुन्हां अवतरलें.

महाराष्ट्रांत ही छाया आली, तेव्हां तिच्यासाठीं जमीन तयार होती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळांत नाटकांचे पडदे रंगविणारे. उजेड कोठून पडावा आणि अंधार कोठें राखावा, हें त्यांना कुंचल्यानें आधींच शिकविलें होतें. त्यांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’मधील मंद उजेडांतील उदास झोंपडी आणि तिच्यापाशीं विव्हळणारें कुत्रें, हा प्रसंग पाहणाऱ्यांच्या मनांत वर्षानुवर्षें राहिला. त्या चित्रांत तरुण शेतकऱ्याची भूमिका करणारे शांताराम, आणि पेंटरांच्याच हाताखालीं तयार झालेले दामले व फत्तेलाल, यांनीं धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ सालीं ‘प्रभात’ स्थापन केली. बर्लिनला काय किंवा कोल्हापूरला काय, चित्रपट प्रथम चित्रकारांच्या हातीं पडला, हें साम्य आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

१९३३ सालीं ‘प्रभात’नें ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला आणि त्या कामासाठीं शांतारामबापू जर्मनीस गेले. रंग साफ फसले. पण ज्या गृहस्थाला पाहण्याची दृष्टि आहे, त्याचा प्रवास सहसा फुकट जात नाहीं. परत आल्यावर पुण्याच्या नव्या स्टुडिओंत त्यांनीं जो पहिला बोलपट घेतला, तो १९३४ चा ‘अमृतमंथन’. कथा नारायण हरि आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून घेतलेली. राजा देवीपुढील बळी बंद करतो, आणि राजगुरु त्याच्याच वधाचा कट रचतो. मशालींचा खालून पडणारा उजेड, अर्धा अंधारांत बुडालेला चेहरा, आणि दूरवेधी भिंगानें पडदाभर मोठा करून दाखविलेला राजगुरूचा एक डोळा! हिंदी आवृत्तींत तो डोळा चंद्रमोहन यांचा आणि मराठींत ती भूमिका केशवराव दाते यांची. चंद्रमोहन यांच्या घाऱ्या डोळ्यांची कीर्ति झाली हें खरें. परंतु दात्यांच्या आवाजांतील थंडपणा त्या सावल्यांना अधिक शोभतो, असें आमचें मत आहे.

तीन वर्षांनीं आलेला ‘कुंकू’ तर याहून एक पाऊल पुढें होता. कथा पुन्हां आपट्यांचीच. येथें देवीचें मंदिर नाहीं, कट नाहीं. आहे तो आपल्यासारख्यांचाच वाडा. बिजवर काकासाहेब, त्यांचें जुनें घड्याळ, त्यांचा आरसा, आणि फसवून लग्न लावून आणलेली नीरा. कॅलिगरीच्या चित्रांत घरें वांकडीं केलीं होतीं. येथें घर सरळच ठेविलें, पण घड्याळाचे ठोके आणि आरशांतील तोंड यांनीं म्हाताऱ्याचें मन बाहेर काढून दाखविलें. पार्श्वसंगीतहि वापरलें नाहीं. जर्मनांचें तंत्र माजघरांत आणून बसवावें आणि कोणास तें परकें वाटूं नये, हें काम सोपें नव्हे.

(मुंबईस मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’मध्यें फ्रान्झ ऑस्टेन, योसेफ विर्शिंग असे जर्मन कसबी लोक प्रत्यक्षच राबत होते. १९४९ च्या ‘महल’मधील भुताटकीच्या वाड्याचें छायाचित्रण याच विर्शिंगचें. पण तो निराळ्या लेखाचा विषय.)

आतां ‘पिंजऱ्या’कडे वळूं. ‘निळ्या देवदूतां’तील प्राध्यापक राट हा मोठा शिस्तखोर मास्तर. विद्यार्थी ज्या गाणारणीच्या नादीं लागले, तिच्या गुत्त्यांत त्यांना पकडावयास जातो आणि स्वतःच गुंततो. तिच्याशीं लग्न करून शेवटीं तिच्या मंडळींत विदूषक होतो. आपल्याच गांवच्या रंगमंचावर त्याला कोंबड्यासारखें आरवावें लागतें. त्या रात्रीं तो वेडापिसा होऊन जुन्या शाळेंत शिरतो आणि आपल्या मेजाला मिठी मारून प्राण सोडतो.

आपले गुरुजीहि तमाशाचा फड गांवाबाहेर काढावयास निघतात आणि चंद्रकलेच्या पाशांत सांपडतात. पण पुढें मराठी कथेनें जें वळण घेतलें, तें मूळ चित्रांत नाहीं. दुसऱ्याच एका माणसाचें प्रेत गुरुजींचें म्हणून गांवाला पटतें. गांव त्यांचा पुतळा उभारतें. आणि फडाबरोबर वणवण फिरणारा खरा माणूस अखेर गुरुजींच्या, म्हणजे स्वतःच्याच, खुनाबद्दल फांसावर जावयास तयार होतो. मौज अशी, कीं माणूस आणि त्याचें प्रतिरूप यांचें हें वैर जर्मन पडद्याच्या अगदीं मर्माचें आहे. १९१३ च्या ‘प्रागचा विद्यार्थी’ या मूकपटांत आपलें आरशांतील प्रतिबिंब विकणारा तरुण शेवटीं त्या प्रतिबिंबावर गोळी झाडतो आणि स्वतः मरतो. आमच्या लेखकांनीं जर्मन कथेला जोड दिली, ती अशी नकळत अधिकच जर्मन झाली.

तथापि १९३४ सालीं जर्मनांचा उजेड घेतला होता आणि कथा आपली ठेविली होती; १९७२ सालीं कथा घेतली आणि उजेड सोडला. ‘पिंजऱ्यां’त भडक रंग फार झाले, छाया थोडी उरली. वास्तविक तमाशाइतका छायेचा खेळ दुसरा नाहीं. पूर्वीं टेंभ्यांच्या आणि नंतर गॅसबत्तीच्या उजेडांत फड उभा राही, तेव्हां नाचणारीच्या पाठीमागें तिची दुप्पट मोठी सावली नाचत असे. ‘अमृतमंथन’ काढणाऱ्या हातांना याचें केवढें सोनें करतां आलें असतें!

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ‘निळ्या देवदूतां’तील लोला ही पुरुषाच्या अधःपाताचें निमित्त म्हणून उभी केलेली बाई. तो सांचा तमासगिरिणीवर बसविला, आणि तिचें मन शेवटीं पालटलें तरी सारी कथा गुरुजींच्याच बाजूनें पाहिली गेली. आपल्यासारख्या ज्या घरांतून तमाशाला जाण्याची बंदी होती, त्या घरांनीं तमाशांतील बाई पाहिली ती बहुधा याच पडद्यावर. पुणें-नाशिक रस्त्यावरचें नारायणगांव त्यांच्या गाडीच्या खिडकींतून मागें पडे, इतकेंच.

त्याच नारायणगांवीं विठाबाई भाऊ नारायणगांवकर यांचा फड होता. जन्म १९३५, मृत्यु २००२. वडील व चुलते, भाऊ-बापू, यांच्या फडांत त्या लहानपणींच उभ्या राहिल्या. खेळ चालू असतांनाच प्रसूतिवेदना सुरू झाल्या, पडद्यामागें मूल झालें, दगडानें नाळ तोडली आणि बाई पुन्हां प्रेक्षकांसमोर आल्या, ही त्यांच्याविषयींची हकीकत त्या भागांत घरोघर सांगतात. १९५७ आणि १९९० सालीं राष्ट्रपतींकडून त्यांचा सन्मान झाला. उतारवय मात्र हलाखींत गेलें. त्यांच्या कन्या मंगलाताई बनसोडे यांनीं पुढें स्वतःचा फड उभा केला. कोणा मास्तरास पिंजऱ्यांत अडकवावयास या बायांना सवड तरी कधीं मिळाली असेल?

पाडव्याच्या सुमारास नारायणगांवांत फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, घोडेगांव, मंचर या बाजूंच्या खेड्यांतून आणि दूरदूरच्या तालुक्यांतूनहि गांवचे पंच तेथें येतात, चैत्र-वैशाखांतील ग्रामदैवताच्या जत्रेसाठीं बोलणीं करतात, वग कोणता, माणसें किती, हें विचारतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन परत जातात.