लिहून न ठेवण्याचा अपराध

"सर्व्हर डाऊन हाये भाऊ, उद्या या." कळमेश्वरच्या ऑनलाइन केंद्रांत हे वाक्य रोज ऐकू येते. मोहप्याहून, धापेवाड्याहून सातबाऱ्यासाठी, पीक विम्यासाठी किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी आलेला माणूस ते ऐकतो आणि मजुरी बुडवून परत जातो. सर्व्हर खरेच बंद होता का, हे त्यालाही ठाऊक नसते आणि सांगणाऱ्यालाही नसते.

खरे कारण बहुतेक वेळा त्याच संगणकावर दिसू शकते. क्रोममध्ये एफ-12 दाबा, नेटवर्कचा कप्पा उघडा, तो उघडा ठेवूनच अर्ज पाठवा आणि तिथला आकडा वाचा. आकडा पाचशेच्या घरात असेल तर खोट सर्व्हरची. चारशेच्या घरात असेल तर पाठवलेल्या मागणीतच काहीतरी अडले आहे: तारीख चुकीच्या नमुन्यात गेली असेल, लॉगिनची मुदत संपली असेल. खोट सर्व्हरची असेल तर थांबावे लागते, मागणीतली असेल तर अनेकदा दोन मिनिटांत दुरुस्ती होते. फायरबग 2006 साली आले, तेव्हापासून ब्राउझरचे पोट उघडून पाहण्याची साधने सर्वांना मोफत आहेत. पण ती मराठीत, केंद्र चालवणाऱ्या पोराला कळेल अशी कुणी समजावली? आपण शिकलेल्यांनी समजावली नाहीत.

आता ही साधने एआय एजंटाच्या हाती आली आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने एजंटांना बाहेरची साधने जोडण्यासाठीचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. सप्टेंबर 2025 मध्ये गूगलने त्याच्या आधारे क्रोमची तपासणी-साधने एजंटांसाठी खुली केली. एजंट स्वतः पान उघडतो, कन्सोलवरच्या चुका वाचतो, बटण दाबून पाहतो. तो कळमेश्वरच्या केंद्रचालकाला त्याच्याच बोलीत सांगू शकेल की अर्ज कुठे अडला. मात्र साधनाबद्दल जे लिहून दिले आहे, त्याच्याच भरवशावर तो चालतो. शेजारच्या टेबलावर जाऊन विचारण्याची सोय त्याला नाही.

एक उदाहरण घ्या. क्रोमच्या या संचात पानाचा मजकुरी नकाशा काढणारे एक साधन आहे. नकाशात प्रत्येक बटणाला, प्रत्येक रकान्याला एक खूणक्रमांक मिळतो आणि बटण दाबायचे ते त्या क्रमांकावरून. पान बदलले की जुन्या क्रमांकांवर विसंबता येत नाही. म्हणून त्या साधनाच्या वर्णनातच बजावले आहे की नेहमी ताजा नकाशा वापरा, आणि चित्र काढण्यापेक्षा नकाशाला पसंती द्या. दोन छोटी वाक्ये, पण ती नसती तर एजंट अंदाजाने चालला असता. नुसते "पानाची माहिती आणते" एवढे लिहून हात झटकणाऱ्यांनी विचार करावा, की अंदाजाने अर्ज दोनदा गेला किंवा न जाता "गेला" असे सांगितले गेले, तर भुर्दंड कुणाला? वर्णन लिहिणाऱ्याचा पगार कापला जात नाही. शेतकऱ्याची मुदत टळते.

ही खोड आजची नाही. ज्ञान लिहून मोकळे करायचे नाही, चार घरांत राखायचे आणि त्यावर मान मिळवायचा, हीच आपली पिढीजात रीत. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कागदोपत्री कारभार जाणणारे निरक्षर कुणब्याला कसे नागवतात हे मांडले. आज कागद गेला, पडदा आला. "हे फक्त साहेबांनाच जमते" हा अभिमान मात्र गेला नाही. "डॉक्युमेंटेशन नंतर करू" म्हणणारा अभियंता आणि "उद्या या" म्हणणारा कारकून एकाच घरचे आहेत.

याहून लाजेची गोष्ट पुढे आहे. तो मजकुरी नकाशा ज्या रचनेतून निघतो, तीच रचना अंध माणसाचा स्क्रीन रीडर वाचतो. बटणाला नाव दिले नसेल, तर दोघांनाही नुसते "बटण" एवढेच कळते. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी सांगितले. अंध बांधव वर्षानुवर्षे मागत होते ते नाव आपण दिले नाही, आणि आता यंत्राला अडते म्हणून देऊ लागलो आहोत. माणसाच्या हाकेला बहिरा आणि बाजाराच्या हाकेला तत्पर, असा समाज स्वतःला सुशिक्षित कोणत्या तोंडाने म्हणवतो?

"एजंट हुशार आहे, समजून घेईल," ही पळवाट आहे. लॉगिन केलेल्या ब्राउझरला जोडलेला एजंट उघड्या पानावरचे सगळे पाहू शकतो, खाते क्रमांकसुद्धा. हा इशारा साधनाच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत न लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली न विचारता वाटणे आहे.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक साधनाबरोबर लिहा: ते काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, त्याला काय द्यावे लागते, फसले तर काय दिसते आणि कोणती कृती परत फिरवता येत नाही. सरकारने पोर्टलच्या निविदेत ही अट घालावी आणि मराठी मजकुराशिवाय बिल मंजूर करू नये. नागपूर परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रकल्पाच्या गुणांत लेखनाला वाटा द्यावा. मिहानमधल्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या तरुणांनी आपल्या हातून घडलेल्या एका साधनाचे वर्णन तरी आपल्या गावच्या केंद्रचालकाला वाचता येईल असे लिहावे.

शिक्षणाचा खर्च या समाजाने उचलला आहे. जे कळले ते स्पष्ट लिहून देणे ही त्याची परतफेड आहे, आणि ती टाळणाऱ्याला यापुढे आळशी म्हणून सोडून देऊ नये. तो अन्यायाचा भागीदार आहे.