दप्तरातला मोल्सवर्थ

आमच्या शेजारची सहावीतील एक मुलगी गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी इतिहासाचे पुस्तक छातीशी धरून माझ्याकडे आली. पेशवे दप्तरातील असंख्य कागदांच्या आधारे इतिहास लिहिला जातो, अशा आशयाचे वाक्य तिच्या वाचनात आले होते, आणि तिची शंका अगदी प्रांजळ होती : "आजोबा, एका दप्तरात एवढे कागद मावले कसे?" मी उत्तर दिले नाही. माझा भ्रमणध्वनी तिच्या हाती दिला, शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातील भाषांचे जे कोश जगाला विनामूल्य खुले करून ठेवले आहेत त्यांतील मोल्सवर्थचा कोश उघडून दिला, आणि 'दप्तर' हा शब्द देवनागरीतच लिही म्हणून सांगितले.

नोंद इंग्रजीत असल्यामुळे तिला ती अडखळत वाचावी लागली; परंतु शब्द फार्शी असल्याची खूण तिला दिसली, आणि मूळ अर्थ नोंदवही, सरकारी कागदपत्रांचा संग्रह असा आहे हे समजले. त्याच ठिकाणी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. तेथे तिने तोच शब्द मराठीतून पडताळून पाहिला. हे कागद कापडात गुंडाळून बांधून ठेवीत व त्या गाठोड्याला रुमाल म्हणत, एवढी भर मी घातली. मग मात्र तिला थांबविणे कठीण झाले. 'हजेरी' अरबीतून आली, 'तारीख'ही तेथूनच, 'शाई' फार्शीतून. आणि 'इयत्ता' हा शब्दही तसाच परका असावा असे तिने ठामपणे भाकीत केले असता तो शुद्ध संस्कृत निघाला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले ते मी वर्गात उभा राहून तासभर व्याख्यान दिले असते तरी उमटविता आले नसते.

ज्या कोशाने हे घडविले तो 1831 साली मुंबईत प्रथम प्रसिद्ध झाला आणि 1857 साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. जेम्स मोल्सवर्थ, त्याचे सहकारी कँडी बंधू आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे शब्द गोळा करीत बसलेली पंडितमंडळी यांच्या श्रमांचे ते फळ आहे. आपल्या पूर्वजांनी त्या परक्या माणसाला 'मोलेसरशास्त्री' म्हटले ते त्या श्रमांची जाण ठेवूनच. हा ग्रंथ एके काळी मोठ्या ग्रंथालयाच्या कपाटात कुलुपाआड असे. आज तो ज्या घरात साधा भ्रमणध्वनी आहे त्या प्रत्येक घरात आहे, आणि तरीही शंभरांतल्या किती विद्यार्थ्यांना तो कोणी उघडून दाखविला असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

साधनांची वाण आहे असे आता कोणी म्हणू नये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला सिद्ध होऊ लागलेल्या आणि 1976 पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातील नोंदी आज शब्द टाकताच समोर येतात. 1967 साली स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, मराठी विकिपीडिया आहे. प्रश्न टाकताच निबंध लिहून देणारी यंत्रेही आता घरोघरी पोहोचली आहेत. परंतु माझ्या मते विद्यार्थ्याच्या कामाचे साधन कोणते, याची कसोटी एकच : त्याने विद्यार्थ्याला उत्तर देऊन बसवून ठेवले, की उठवून दुसऱ्या पुस्तकाकडे, दुसऱ्या वस्तूकडे, स्वतःच्या हातांकडे धाडले? या कसोटीवर मोल्सवर्थ उतरतो. आणि अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ तर सर्वांहून उजवे उतरते.

कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन, टेल्कोतील नोकरी सोडून, टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करीत विज्ञान शिकविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले आणि पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञानकेंद्रात ज्यांनी अनेक वर्षे काम केले, त्या गुप्तांनी मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके आणि खेळण्यांच्या चित्रफिती सर्वांसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत. त्यांतील विजेची मोटर मी त्याच मुलीबरोबर करून पाहिली. एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना रबरबँडने आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, मध्ये एक चुंबक, आणि पिनांच्या भोकांत टेकविलेले लाखेचा थर असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढाच सरंजाम. पहिल्या खेपेस वेटोळे नुसते डुलत राहिले. आम्ही चित्रफीत पुन्हा पाहिली तेव्हा उमगले, की तारेच्या टोकांवरचे आवरण आम्ही घाईने सर्व बाजूंनी खरवडून टाकले होते, वास्तविक एका बाजूचे तसेच ठेवायला हवे होते. कारण अर्धा फेरा झाल्यावर प्रवाह खंडित झाला नाही तर तेच बल वेटोळ्याला उलट ढकलते. दुसरी तार घेऊन तिने टोके नीट खरवडली, आणि वेटोळे भिरभिरू लागले. त्याच रात्री कोलोराडो विद्यापीठाच्या 'फेट' या संकेतस्थळावर, जे कार्ल वीमन यांनी नोबेल पारितोषिक मिळाल्यावर पुढच्याच वर्षी, 2002 साली सुरू केले आणि ज्याचे अनेक प्रयोग मराठीतही आहेत, तिने विद्युत्मंडल जोडून पाहिले. पडद्यावरचा दिवा तिला कळला, याचे कारण दुपारी तिचे बोट तारेने खरचटले होते.

सरकारकडे मात्र माझी एक तक्रार आहे. एका कार्यालयाच्या संकेतस्थळावरून मी अडीचशे पानांचे एक मराठी पुस्तक उतरवून घेतले आणि त्यात एका तालुक्याचे नाव शोधू लागलो. डोळ्यांसमोर पहिल्याच पानावर असलेले ते नाव यंत्राला काही केल्या सापडेना; आणि एक परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला तर देवनागरीच्या जागी रोमी अक्षरांचा निरर्थक ढीग पडला. पूर्वीचे टंक ज्याने त्याने आपापल्या सोयीने घडविले, रोमी अक्षरांच्या जागी आपली अक्षरे बसविली. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिल्याला आता अनेक वर्षे लोटली. तरीही जुन्या टंकांतील पुस्तके, किंवा पानांची नुसती छायाचित्रे, संकेतस्थळावर चढवून काम फत्ते झाल्याचा अहवाल धाडला जातो. ज्या पुस्तकात शब्द शोधता येत नाही ते विद्यार्थ्याच्या दृष्टीने अद्याप कपाटातच आहे. सबब यापुढे लोकांच्या पैशाने निघणारे प्रत्येक मराठी पुस्तक शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात ठेवलेच पाहिजे, असा स्पष्ट हुकूम निघावा, आणि मागील पुस्तकांसाठी वर्षाकाठी काही रकमेची तजवीज व्हावी.

शाळांकडे मागणे याहून लहान आहे. आठवड्यातून एक तास वेळापत्रकात शोधासाठी राखावा, आणि त्या तासाला शिक्षकांनी उत्तर न सांगता केवळ शब्द कुठे पाहायचा एवढेच सांगावे. अंतर्गत मूल्यमापनातील थोडे गुण या कामाला द्यावेत, कारण ज्याला गुण नाहीत ते आपल्याकडे शिकवले जात नाही. जेथे जाळे पोहोचत नाही, तेथेही ही सबब चालणार नाही : फेटचे पुष्कळसे प्रयोग एकदा उतरवून घेतले की जाळ्याविना चालतात, आणि किविक्स या मोफत साधनाने विकिपीडियासुद्धा संगणकात साठवून ठेवता येतो. तालुक्याच्या गावी जाणाऱ्या एखाद्या शिक्षकाने उन्हाळ्याच्या सुटीत हे सारे एका पेन ड्राइव्हवर उतरवून आणावे, शाळेच्या जुन्या संगणकात घालावे, आणि जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी फळ्याशेजारी एक कागद चिकटवावा, ज्यावर मोल्सवर्थ, दाते-कर्वे, विश्वकोश आणि अरविंद गुप्ता यांचे पत्ते मोठ्या, सुवाच्य अक्षरांत लिहिलेले असतील.