नळी कशासाठी, किती दिवस?

‘अन्नपाणी सोडलंय’ असा फोन अणदूर गावातून गेला की पुण्या-सोलापुरातली लेकरं मिळेल ती गाडी धरतात. अंत जवळ आलाय, हे त्या दोन शब्दांत सगळ्यांना कळतं. तेच माणूस दवाखान्यात असलं की मात्र घरचे डॉक्टरांना विनवतात, ‘नळी घाला, उपाशी नका मारू.’

नळी वाईट नाही. अन्ननलिकेच्या गाठीमुळे घास अडतो, पण भूक शाबूत असते. घशाच्या कर्करोगावर किरणांचा शेक चालू असताना काही आठवडे गिळता येत नाही. अशा वेळी नाकातली नळी, किंवा पोटाला छिद्र पाडून जठरात वा आतड्यात बसवलेली नळी रुग्णाला तगवते. अन्ननलिकेत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसला तर काहींना पुन्हा तोंडाने मऊ खाता येतं.

शेवटच्या दिवसांत मात्र शरीरालाच अन्न पेलवत नाही. तेव्हा खाणं सुटलं म्हणून मरण येत नसतं. मरण जवळ आलं म्हणून खाणं सुटतं. नळीतून ओतलेलं फुफ्फुसात उतरू शकतं, मळमळ आणि सूज वाढते, नळी उपसू नये म्हणून कधी हातही बांधले जातात. गाठीने आतडंच बंद झालं असेल तर नळीचं काम उलटं होतं: जठरात साचलेलं बाहेर काढून उलट्या थांबवायच्या.

म्हणून सर्जनने नळी घालण्याआधीच सांगावं, ती कशासाठी आहे, उपयोग झाला की नाही हे कधी पाहायचं आणि नसेल तर कधी काढायची. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी, जगणं नुसतं लांबवणारे उपचार नकोत अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. पण ही बोलणी अतिदक्षता विभागाच्या दाराशी होऊन उपयोग नाही.

ती घरात व्हायला हवीत, आणि अणदूरला त्याची वाट ठाऊक आहे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथे गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. बार्शीत १९८७ मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत अणदूरच्याच जिल्ह्यातले परंडा आणि भूम तालुके होते. म्हणजे रोग गावोगाव जाऊन मोजता आला. तशीच एखादी शिकलेली बाई उद्या अंथरुणाशी बसून लेकीला दाखवू शकेल: ओठ ओल्या कापसाने कसे पुसायचे, मागितलं तर चमचाभर ताक कसं द्यायचं, आणि मान फिरवली की चमचा कधी बाजूला ठेवायचा.