म्हणे, पैसे आणायला जातो!

"बाबा कुठे गेला?"
"ऑफिसला."
"कशाला?"
"तुझ्यासाठी पैसे आणायला!"

मंडळी, हा संवाद हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कितीतरी घरांत रोज सकाळी होतो आणि कुणालाच त्यात काही खटकत नाही. मला खटकतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला आपलं काम सांगताना हे उत्तर देणं म्हणजे निव्वळ आळस आहे. आणि तो आळस मुलाला महागात पडतो.

कसं ते बघा. "तुझ्या खेळण्यांसाठी पैसे आणायला जातो" हे ऐकून मुलाच्या डोक्यात काय हिशोब होत असेल? बाबा दिवसभर नसतो, कारण मला खेळणी लागतात. म्हणजे चूक माझी! आपण दहा तास घराबाहेर असतो त्याचं ओझं त्या एवढ्याशा खांद्यावर टाकून आपण निवांत कॅब पकडतो. मग एखाद्या दिवशी तेच पोर म्हणतं, "मला कार नको, तू घरी थांब." आपण लगेच 'कित्ती गोड' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस टाकतो. गोड कसलं डोंबलाचं! ते बिचारं सौदा करू बघतंय.

त्यात २०२० च्या लॉकडाऊनपासून अनेकांच्या घरातच ऑफिस आलं. आई समोर बसलेली दिसते, पण ती करते काय ते दिसत नाही. किराणा दुकानदाराचं पोर गल्ल्यामागे बसून वाढतं, त्याला वजन-मापं आपोआप कळतात. शेतकऱ्याच्या पोराला पेरणी म्हणजे काय हे कुणी समजावत बसत नाही. आपलं काम तसं नाही ना! ज्या स्क्रीनवर कार्टून लागतं तसल्याच स्क्रीनसमोर आई दिवसभर बसते. पोराने काय समजायचं?

माझी भाची साडेचार वर्षांची आहे. ताई आणि जिजू दोघंही आयटीत. मागच्या महिन्यात बाईसाहेब 'ऑफिस ऑफिस' खेळत होत्या. कानाला हेडफोन, समोर उघडं पुस्तक, आणि शेजारच्या बाहुलीला सणसणीत दम: "गप्प! मी कॉलवर आहे!" अख्ख्या खेळात एवढं एकच वाक्य. सगळे हसले, मला नाही हसू आलं. आईच्या कामातलं तिला जेवढं दिसलं तेवढं तिने अचूक केलं होतं. तिच्या लेखी नोकरी म्हणजे दुसऱ्याला गप्प बसवणं.

आता यावर ठरलेलं उत्तर येतं. "अरे, आमचं काम सांगण्यासारखं नाहीच. चार वर्षांच्या मुलाला मायक्रोसर्व्हिसेस काय सांगू?" नकाच सांगू! तुम्ही कुणाच्या उपयोगी पडता तेवढं सांगा.

पेमेंटच्या प्रोजेक्टवर आहात? भाजीवाल्या मावशींकडचा क्यूआर कोड आणि पैसे आले की बोलणारा तो डबा मुलांना चांगला माहीत असतो. यूपीआय २०१६ साली आलं, म्हणजे या मुलांनी त्याच्याशिवायची भाजीखरेदी फारशी पाहिलेलीच नाही. सांगा की आपल्या वहीतून दहा रुपये वजा झाले, तर मावशींच्या वहीत दहा जमा झालेच पाहिजेत. एक झालं आणि दुसरं राहिलं, तर भांडण. ते भांडण होऊ नये म्हणून आई काम करते. अहो, ट्रान्झॅक्शन म्हणजे दुसरं काय असतं?

टेस्टर आहात? नवी पाण्याची बाटली दप्तरात टाकण्याआधी उलटी करून गळते का बघतो, तेच तुमचं काम. नेटवर्कवाले आहात? मुंबईत १८९० पासून डबेवाले डब्याच्या झाकणावरची खूण बघून हजारो डबे ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवतात. खूण चुकली की दुसऱ्याची भेंडी आपल्या पुढ्यात. सपोर्टला आहात? मग १९ जुलै २०२४ ची गोष्ट सांगा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क पेनाने लिहून द्यावे लागले. असं काही झालं की रात्री उठून दुरुस्त करणारी माणसं लागतात, त्यातला एक बाबा.

आणि कोडिंग? त्याला लॅपटॉपसुद्धा लागत नाही. मुलाला म्हणा, मी रोबो, तू हुकूम दे. "पोळीला तूप लाव" म्हटलं की तुपाची बंद बरणी उचलून पोळीवर ठेवा. ते खिदळेल आणि मग स्वतःच सुधारेल: आधी झाकण उघड, मग चमचा घे... सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये 'लोगो' ही भाषा केली ती मुलांसाठीच. शाळेच्या लॅबमध्ये ते कासव आपल्यातल्या कित्येकांनी फिरवलंय. आपल्याला शाळेत जे जमलं ते आपल्या मुलांना झेपणार नाही, हे कुणी ठरवलं?

"तुला अजून पोर नाही, तुला काय कळतंय?" हेही ऐकून झालंय. बरोबर आहे, संध्याकाळी सात वाजता दमून आल्यावर गोष्टी सांगण्याची ताकद नसते. पण मी रोज तासभर मागत नाहीये. एखाद्या रविवारची दहा मिनिटं पुरेत. क्लायंटसाठी रात्री अकराला पीपीटी करता ना? हाही क्लायंटच समजा. फरक इतकाच, की हा 'सिनर्जी' वगैरे ऐकून घेत नाही.

खरी गोम इथेच आहे, असं मला वाटतं. "तू काय करतोस?" याला पोराला कळेल असं उत्तर द्यायचं, तर आधी ते आपल्याकडे असावं लागतं. लोकांना आणखी अर्धा तास स्क्रीनला चिकटवून ठेवायचं, हे जर तुमचं काम असेल, तर ते पोराला सांगताना जीभ अडखळेल. अडखळू दे. त्यात पोराच्या समजेचा काही दोष नाही. ती अडचण आपली आहे आणि ती 'पैसे आणायला' या दोन शब्दांखाली झाकून मिटत नाही.

पैसे मिळतात हेही जरूर सांगा, त्यात लपवण्यासारखं काय आहे? फक्त ते शेवटी सांगा. आधी काम, मग त्याचा मोबदला. आपला पगारही याच क्रमाने होतो की!