सायकलीवरील एक दिवस

प्रवास म्हटला की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. किती तासांत पोहोचलो, वाटेत किती गावे मागे टाकली, यावरच प्रवासाचे यश मोजण्याची आपल्याला सवय जडली आहे. कामाच्या प्रवासात ही घाई शोभते. वैद्यास आणावयास निघालेल्याने रमतगमत जावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु एखादा प्रदेश जाणून घेण्यासाठी जो प्रवास करावयाचा, त्याला हे माप लावणे योग्य नव्हे. माझे मत असे आहे की, आपला मुलूख ओळखावयाचा असेल तर सायकलीसारखे दुसरे वाहन नाही. आणि त्या सायकलीवरही घाई करता कामा नये.

सायकलीच्या शर्यतींकरिता फ्रान्स हा देश जगप्रसिद्ध आहे. 1903 साली सुरू झालेली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत आजही कोट्यवधी लोक कौतुकाने पाहतात. परंतु त्याच देशात, या शर्यतीच्याही आधी, सायकलीचा दुसरा एक संप्रदाय निर्माण झाला होता. पॉल द व्हिवी (1853–1930) हे त्याचे प्रवर्तक. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहीत. सेंत एत्येन या गावी राहून त्यांनी 1887 मध्ये सायकलस्वारांसाठी एक नियतकालिक काढले. ते स्वतः दूरदूरच्या मजला मारीत. तरी त्यांचा उपदेश असा की, भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, आणि केवळ फुशारकीसाठी कधीही पायडल मारू नये. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून द्राक्षांचे मळे आणि जुनी देवळे पाहत सायकलीने हिंडण्याची जी प्रथा आज रूढ आहे, तिच्या मुळाशी हाच विचार आहे.

आपल्याकडेही ही हौस नवी नाही. 1923 साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटरांची वाट तुडवून 1928 मध्ये स्वगृही परतले. अशी प्रदक्षिणा सर्वांच्या नशिबी नसते, हे खरे. परंतु आपल्या तालुक्याची ओळख करून घेणे कोणाच्या आवाक्याबाहेर आहे?

आमचा अर्जुनी मोरगाव तालुका घ्या. उत्तरेस नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव आहे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी तो बांधविला, असे परंपरा सांगते. डोंगरांमधील वाट मातीच्या पाळीने अडवून हा जलाशय साकारला. भोवतालच्या अरण्याला 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा मान मिळाला. पूर्वेस गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याच बाजूला गोठणगावजवळ, मायभूमीस पारखे झालेले तिबेटी लोक 1972 पासून वस्ती करून राहिले आहेत. यांपैकी एकेक स्थळ सायकलीने एका दिवसात पाहून येण्याजोगे आहे.

मोटारीनेही ही स्थळे पाहता येतील, असे कोणी म्हणेल. स्थळे दिसतील, परंतु स्थळांच्या मधला मुलूख दिसणार नाही. पायी चालणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो. जवळजवळ तेवढ्याच श्रमात सायकलस्वार बारा ते पंधरा किलोमीटर जातो. वेग एवढाच असतो की, शेतातल्या माणसाला ‘रामराम’ घालता येतो आणि त्याचे उत्तर ऐकूही येते. यंत्राचा गोंगाट नसल्याने काठावरचे बगळे उडून जात नाहीत. धानाची कापणी झालेल्या बांधीत लाखोळीची आणि जवसाची निळी फुले फुलली आहेत, हे सायकलीवरूनच नीट दिसते. मनात आले की पाय टेकावा आणि थांबावे. त्यासाठी जागा शोधावी लागत नाही.

हा केवळ मौजेचा प्रश्न नाही. या भागातील शेती पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या तलावांवर आणि बोड्यांवर जगली. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले. आणि गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही कामे पुष्कळ ठिकाणी मागे पडली. भरधाव जाणाऱ्याला तलाव म्हणजे क्षणभर चमकणारे पाणी. पाळ कोठे खचली आहे, पाणी कोठपर्यंत मागे हटले आहे, बेशरमाच्या झुडपांनी किती काठ गिळला आहे, हे थांबणाऱ्यालाच कळते. पाहिल्यावाचून जिव्हाळा उपजत नाही, आणि जिव्हाळ्यावाचून कोणी कशाची राखण करीत नाही. आपल्या गावचा तलाव ज्यांनी कधी निरखून पाहिला नाही, ते उद्या तो बुजला तरी हळहळणार नाहीत.

सायकल हे गरिबाचे वाहन, अशी समजूत आजही पुष्कळ घरांत आहे. दूरच्या शाळेत जाणाऱ्या कित्येक मुलींना शासनाकडून सायकली मिळतात. त्या सायकलींनी त्यांचे शिक्षण सुकर केले. परंतु शाळा संपताच ती सायकल पडवीत गंजत पडते आणि घरात फटफटीचा हट्ट सुरू होतो. ज्या वाहनाने आपल्याला विद्येच्या दारी नेले, त्याचीच लाज वाटावी, हे बरे नव्हे.

म्हणून प्रत्येक शाळेने हिवाळ्यातील एक दिवस यासाठी राखून ठेवावा, असे मला वाटते. पहाटेचे धुके विरल्यावर निघावे. मोठ्या रस्त्याने एकामागे एक चालावे. अरण्यात नेमून दिलेली वाट सोडू नये, आणि दिवेलागणीपूर्वी परतावे. शिदोरी, पाणी आणि पंक्चर काढण्याचे साहित्य बरोबर असावे. सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाला पुढे ठेवावे, म्हणजे कोणी मागे पडत नाही. वाटेत भेटलेल्या वृद्धांना आपापल्या गावच्या तलावाची कथा विचारावी आणि ती वहीत उतरून घ्यावी. त्या दिवशी कोण पहिला आला, याची नोंद कोणी करू नये. कोणी काय पाहिले, याची मात्र अवश्य करावी.